'म्हणून' लिहिण्याआधी

१६ एप्रिल २०२४, मंगळवार. दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या पाचव्या मजल्याच्या खिडकीतून दिसणारं आकाश दुपारी हिरवट झालं होतं. खरोखर हिरवट; तळ्यातल्या शेवाळासारखं. खाली रस्ता दिसेनासा झाला होता. बेसमेंटच्या पार्किंगमध्ये पाणी शिरल्याचा निरोप सिक्युरिटीवाल्यानं दोनदा दिला, आणि तिसऱ्यांदा द्यायला तो आला तेव्हा गुडघ्यापर्यंत भिजलेला होता. सरकारी कचेऱ्यांना आणि शाळांना घरूनच काम करायला आदल्या दिवशी सांगितलेलं होतं, त्यामुळे घरात सगळे होते, आणि सगळ्यांच्या हातात फोन होते.

आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर प्रश्न आला: "हे कृत्रिम पावसामुळे झालंय म्हणतात. खरं का?" आणि लगेच दुसरा: "अगं, तू शास्त्रज्ञ ना, सांग की."

मी सांगितलं. तीन वाक्यांत.

"हो, काल-परवा ढगांवर पेरणी करणारी विमानं उडाली होती. इथे हे नेहमी करतात. म्हणून एवढा पाऊस पडला."

पहिली दोन वाक्यं बरोबर होती. तिसरंही बरोबरच वाटत होतं, कारण ते पहिल्या दोघांच्या शेजारी बसलं होतं. गंमत अशी की माझी पीएचडी पदार्थविज्ञानातली आहे. अर्धवाहकांच्या पातळ थरांवर मी काम करते. ढगांविषयी मला जेवढं माहीत होतं तेवढं ग्रुपमधल्या कुणालाही दहा मिनिटांत कळलं असतं. पण प्रश्न 'शास्त्रज्ञा'ला विचारला गेला होता आणि उत्तर 'शास्त्रज्ञा'नं दिलं.

दोन दिवसांनी बार्शीहून मामांचा फोन आला. त्यांच्या गावच्या ग्रुपवर एक मजकूर फिरत होता, त्याच्या वर लिहिलं होतं, 'दुबईतल्या शास्त्रज्ञांनी दिलेली माहिती'. खाली माझीच तीन वाक्यं. मामा म्हणाले, "आगं, तिथं वाळवंटात जमतंय, मग आपल्याकडं का नाही? उजनी उण्यात गेलीय. मी डाळिंबाची निम्मी बाग काढायची ठरवली होती, आता जरा थांबतो. विमान आलं तर बरं होईल."

पुढचं सगळं त्या फोनमुळे आहे. विज्ञानाविषयी, किंवा कुठल्याही खऱ्या घटनेविषयी लिहिताना काय काळजी घ्यायची यावर खूप शिकवलं जातं. मी त्यातलं बरंचसं त्या आठवड्यात, स्वतःची चूक निस्तरताना शिकले. तुम्ही पत्रकार नसाल. पण ग्रुपवर तीन वाक्यं टाकत असाल, तर वाचणाऱ्याच्या दृष्टीनं तुम्ही बातमीच देत असता.

चूक नेमकी कुठे होती

मी पुन्हा पहिल्यापासून सगळं वाचायला बसले. विमानं उडाली होती का? हो. राष्ट्रीय हवामान केंद्रातल्या हवामानतज्ज्ञांच्या हवाल्यानं आलेल्या बातम्यांत पावसाच्या आधी सहा-सात उड्डाणं झाल्याचं म्हटलं होतं. उड्डाणांच्या नोंदी तपासणाऱ्या एका वृत्तसंस्थेला रविवारी असं एक विमान देशावर फिरलेलं दिसलं होतं. मग अधिकाऱ्यांकडून खुलासा आला: मंगळवारी पेरणीची कोणतीही मोहीम झाली नाही.

आता ही दोन्ही विधानं एकमेकांसमोर ठेवून पाहा. आपल्याला वाटतं की एक बाजू खोटं बोलते आहे. पण उड्डाणं रविवारी-सोमवारी, आणि नकार मंगळवारचा. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. खुलाशातली तारीख न वाचता 'सरकारनं आरोप फेटाळले' असं लिहिणारा आणि 'सरकार लपवतंय' असं लिहिणारा, दोघंही तेच वाक्य अर्धं वाचून मोकळे झाले. कुठलाही नकार आला की मी आता आधी हे बघते: नेमकं काय नाकारलंय, आणि काय नाकारलेलं नाही?

म्हणजे 'विमानं उडाली' हे खरं. 'पाऊस पडला' हे तर डोळ्यांसमोर. घोळ होता तो या दोघांना जोडणाऱ्या 'म्हणून'मध्ये. या शब्दासाठी माझ्याकडे वेगळा पुरावा नव्हता. शेजारी शेजारी घडलेल्या दोन गोष्टी होत्या, बस. आणि माझी खात्री झाली आहे की तथ्यांची चूक शोधणं त्या मानानं सोपं असतं. तारीख चुकली, नाव चुकलं, कुणीतरी सांगतं. 'म्हणून' चुकलं तर कुणी सांगत नाही, कारण त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं सगळं तपासून बरोबर निघतं.

तो 'म्हणून' तपासायचा कसा? मला तीन वाटा सापडल्या, तिन्ही घरबसल्या.

पहिली, वादळाचा आकार. ते एकट्या अमिरातीचं नव्हतंच. ओमानमध्ये रविवारी, १४ एप्रिललाच पूर आला होता. शाळेच्या मुलांना घेऊन जाणारी गाडी त्यात वाहून गेली. ओमानमध्ये त्या पावसानं किमान १९ जीव घेतले. बहरीन, कतार, इराणचा काही भाग, सगळीकडे हीच हवा होती. दुबईत उडालेल्या विमानानं आधी ओमानमध्ये कसा पाऊस पाडला, याचं उत्तर माझ्या तीन वाक्यांत नव्हतं.

दुसरी, अंदाज. मोठा पाऊस येणार हे हवामानाची संगणकी प्रारूपं काही दिवस आधीपासून दाखवत होती. म्हणूनच तर शाळा आदल्या दिवशी बंद झाल्या! त्या प्रारूपांमध्ये हवेचा दाब, तापमान, वारे, बाष्प असतं. पेरणीचं विमान कधी उडणार हे त्यात नसतं. तरी त्यांना पाऊस दिसला.

तिसरी वाट मला सगळ्यात आवडली, कारण तिच्यात फक्त भागाकार आहे. दुबई विमानतळावर त्या पावसात २४ तासांत सुमारे १४२ मिलिमीटर पाणी मोजलं गेलं. तिथली वर्षाची सरासरी साधारण ९५ मिलिमीटर. आता पेरणीनं पाऊस किती वाढतो? इथल्या केंद्राचाच उदार दावा हवा स्वच्छ असेल तर ३० टक्क्यांच्या आसपासचा आहे. धुळीच्या हवेत त्याच्या निम्म्यापेक्षा कमी. अनेक शास्त्रज्ञांना हाही आकडा फुगवलेला वाटतो. पण आपण वाद घालायचा नाही, पूर्ण ३० टक्के मान्य करून टाकायचे. वर, विमानांनी त्या वादळातला प्रत्येक ढग पेरला असंही मानायचं, जे शक्य नाही. तर १४२ ला १.३ नं भागा. १०९ उरतात.

म्हणजे विमानं जमिनीवर उभी असती तरी, त्यांच्या बाजूनं सगळं मान्य करूनसुद्धा, एका दिवसात वर्षभराहून जास्त पाऊस पडलाच असता. हे गणित मंगळवारी दुपारी करायला मला दोन मिनिटं लागली असती. संदेश लिहायला लागली त्याहून एक जास्त.

आकडा, पण कुठला?

आकड्यांवरून आठवलं. त्या दिवसांत 'दुबईत २५४ मिलिमीटर' असं किती ठिकाणी वाचलं त्याला सुमार नाही. २५४ मिलिमीटर हा आकडा खरा आहे, पण तो अल ऐन भागातल्या खत्म अल शकला या ठिकाणचा. दुबईपासून शंभराहून जास्त किलोमीटर दूर, ओमानच्या सीमेकडे. देशात १९४९ मध्ये नोंदी सुरू झाल्यापासूनचा तो विक्रम. अल ऐनचा विक्रम आणि दुबईचे फोटो असं एकत्र छापलं की बातमी जास्त ओली दिसते.

मग 'दीड वर्षाचा पाऊस' की 'दोन वर्षांचा'? दोन्ही मथळे होते. १४२ भागिले ९५ केलं तर दीड येतं. कुठल्या ठिकाणचा पाऊस आणि कुठल्या ठिकाणची सरासरी, हे दोन्ही एकाच पर्जन्यमापकाचे असतील तरच भागाकाराला अर्थ आहे.

मुंबईकर वाचकांना हे वेगळं सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच २४ तासांत कुलाब्याला ७३. एकच शहर, एकच दिवस. त्या दिवशी 'मुंबईत किती पाऊस पडला' या प्रश्नाला उत्तरच नव्हतं. 'सांताक्रूझला किती' याला होतं. त्यामुळे पावसाचा आकडा लिहिताना मी आता चार गोष्टी सोबत असल्याशिवाय तो लिहीत नाही: कुठे मोजला, किती तासांत, कुणी मोजला, आणि तिथे एरवी किती पडतो.

शेवटची गोष्ट लोक गाळतात. माझ्या मुंबईच्या मावशीनं त्या आठवड्यात विचारलंच, "१४२? एवढ्यावरनं एवढा गोंधळ? आमच्याकडे जुलैत असा पाऊस पडला तर लोक डबा घेऊन ऑफिसला निघतात." तिचं चूक नाही. सांताक्रूझला एका पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. आकडा तोच, पण गाव बदललं की बातमी बदलते.

आणि जमलं तर आकडा वाचणाऱ्याच्या घरात न्यावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. आमची बाल्कनी सहा चौरस मीटरची आहे. वर छत नसतं तर तिच्यात त्या दिवशी साडेआठशे लिटर पडले असते. मराठवाड्यात किंवा सोलापुरात टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला साडेआठशे लिटर म्हणजे काय ते 'दीड वर्षाचा पाऊस' यापेक्षा लवकर कळतं.

'कृत्रिम पाऊस' या शब्दाविषयी

मामांना फोन करायचा होता. पण 'ते चुकीचं होतं' एवढं सांगून भागणार नव्हतं, कारण त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. आपल्याकडे का नाही?

तर आपल्याकडे झालंय. महाराष्ट्रात २००३ मध्ये झालं, २०१५ मध्ये मराठवाड्यासाठी औरंगाबादहून विमानं उडाली, २०१९ मध्ये पुन्हा. दर वेळी बातम्यांमध्ये शब्द एकच: कृत्रिम पाऊस. आणि माझं मत असं की निम्मा गैरसमज या शब्दानंच पेरला आहे. कृत्रिम दात, कृत्रिम फुलं, तसा कृत्रिम पाऊस. म्हणजे नसलेला पाऊस माणसानं बनवला. प्रत्यक्षात घडतं ते एवढंच: ढग आधीच आलेला असतो. त्यात पाण्याचे थेंब असतात, पण इतके बारीक की ते पडत नाहीत. पावसाचा एक थेंब व्हायला साधारण दहा लाख मेघकण एकत्र यावे लागतात. विमान ढगाच्या तळाशी, जिथून हवा वर चढते तिथे, मिठासारख्या क्षारांचा धूर सोडतं. मीठ पाणी ओढून घेतं, काही थेंब मोठे होतात, पडताना इतरांना गोळा करतात. ढग नसेल तर विमान नुसतं फिरून येतं.

हे काम खरंच होतं का, हे तपासणारा एक चांगला प्रयोग सोलापुरातच झाला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनं, अर्थात आयआयटीएमनं, २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पर्जन्यछायेच्या त्या पट्ट्यात २७६ ढग निवडले. काहींवर पेरणी केली, काहींवर मुद्दाम केली नाही, आणि कुठल्या ढगाच्या वाट्याला काय येणार हे चिठ्ठी काढावी तसं ठरवलं. मला या प्रयोगात सगळ्यात मोलाचे वाटतात ते न पेरलेले ढग. पेरलेल्या ढगातून पाऊस पडला की आपण टाळ्या वाजवतो. तो तसाही पडला असता का, हे सांगायला शेजारी एक न पेरलेला ढग लागतो. 'म्हणून' लिहायची परवानगी तिथून मिळते. २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: वाऱ्याच्या दिशेनं पुढच्या सुमारे १०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात पाऊस सरासरी १८ टक्क्यांनी वाढला.

१८ टक्के कशाचे? जिथे १० मिलिमीटर पडले असते तिथे ११.८. दुष्काळात त्यालाही किंमत आहे, मी ती कमी लेखत नाही. पण शून्याचे १८ टक्के शून्यच.

मामांना मी हे सगळं फोनवर सांगत होते, मेघकण आणि क्षार आणि टक्के, आणि ते "हं, हं" करत होते. शेवटी मी म्हटलं, "मामा, आत्ता एप्रिलमध्ये विमान आणलं तरी पेरायला ढगच नाहीत."

"म्हणजे वापसाच नाही," ते म्हणाले.

इतक्या कमी शब्दांत मला ते सांगता आलं नसतं. जमिनीत ओल हवी तेवढी असेल, पाय टाकल्यावर चिखल होणार नाही आणि ढेकूळही फुटेल, ती वेळ म्हणजे वापसा. त्याशिवाय टाकलेलं बी वाया जातं. सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला ढगांच्या पेरणीसाठी यापेक्षा नेमका शब्द कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळणार नाही. तेव्हापासून मी 'कृत्रिम पाऊस' लिहिणं सोडलं, 'ढगपेरणी' लिहिते. ज्याच्यासाठी लिहायचं त्याच्याशी आधी बोलावं, असं जे सांगतात त्याचा मला तोपर्यंत 'भाषा सोपी करावी' एवढाच अर्थ कळला होता. खरं तर तो माणूस तुम्हाला अचूक शब्दही देतो.

मग त्यांनी विचारलं, "पण मग तू पहिल्या दिवशी तसं का सांगितलंस?"

मी म्हटलं, विचारलं म्हणून. ते काही बोलले नाहीत.

दुसऱ्या बाजूचा 'म्हणून'

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, खरं कारण मग हवामानबदल. तेही घाईचं आहे, आणि हे सांगणं मला जास्त जड जातं, कारण हवामानबदलाबद्दल लोकांनी गंभीर व्हावं असं मला मनापासून वाटतं.

त्या पावसाचा अभ्यास 'वर्ल्ड वेदर ॲट्रिब्युशन' या शास्त्रज्ञांच्या गटानं लगेच केला आणि २५ एप्रिलला प्रसिद्ध केला. ढगपेरणीचा या पावसावर लक्षणीय परिणाम नव्हता, असं त्यांनी स्वच्छ म्हटलं. पुढे त्यांनी सांगितलं की एल निन्योच्या वर्षांत या भागात होणारा टोकाचा पाऊस, जग १.२ अंशांनी थंड होतं तेव्हाच्या तुलनेत, आता १० ते ४० टक्के जास्त जोरदार झाला आहे. मथळ्यांमध्ये एवढंच आलं. पण त्याच अभ्यासात हेही आहे की ही वाढ प्रत्यक्ष नोंदींमध्ये दिसते, हवामानाच्या प्रारूपांमध्ये मात्र तशी स्पष्ट दिसत नाही. त्यामुळे वाढीचा नेमका किती वाटा तापमानवाढीचा, हे त्यांना खात्रीनं मांडता आलं नाही. हवा एका अंशानं तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं हे भौतिकशास्त्र पक्कं आहे, आणि नोंदींमधल्या वाढीला दुसरं कारण त्यांना दिसत नव्हतं. यातला प्रत्येक शब्द महत्त्वाचा आहे. '१० ते ४०' मधलं फक्त ४० उचलणं, 'एल निन्योच्या वर्षांत' गाळणं, प्रारूपांचं वाक्य सोडून देणं, हे माझ्या बाजूच्या लोकांनीही केलं. आपल्या मनासारखा निष्कर्ष असला की आपण अभ्यासाचा शेवटचा परिच्छेद वाचत नाही.

शिवाय एक प्रश्न सगळ्यांनीच एकात एक मिसळला होता. पाऊस का पडला हा एक प्रश्न, आणि शहर का बुडालं हा दुसरा. पहिल्याचं उत्तर आकाशात आहे, दुसऱ्याचं जमिनीवर. वर्षातून काही दिवस पाऊस पडणाऱ्या शहरात पावसाळी गटारं त्या हिशेबानं बांधलेली असतात. डांबर आणि काँक्रीट पाणी पीत नाहीत. जून २०२४ मध्ये दुबईनं पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यासाठी 'तसरीफ' नावाचा ३० अब्ज दिरहमचा प्रकल्प जाहीर केला, तो २०३३ पर्यंत पूर्ण व्हायचा आहे. विमानांच्या चर्चेत गटारांची चर्चा जवळजवळ झालीच नाही. सनसनाटी कारणाचं हे एक नुकसान असतं. ते कंटाळवाण्या कारणाची जागा खातं, आणि दुरुस्ती करता येण्याजोगं बहुधा तेच असतं.

चूकभूल

आता दुरुस्तीचं. आपल्याकडे पत्राच्या शेवटी 'चूकभूल द्यावी घ्यावी' लिहायची पद्धत आहे. सुंदर वाक्य, पण लिखाणात ते आगाऊ माफीसारखं वापरलं जातं: चूक असेल तर असू द्या, मी तपासलेलं नाही. मी ते टाकणं बंद केलं.

दुरुस्ती कशी करू नये हे मला माझ्याच दुसऱ्या संदेशानं शिकवलं. शुक्रवारी मी ग्रुपवर लिहिलं: 'ढगपेरणीमुळे दुबई बुडाली हे खरं नाही.' एकानं ते पुढे पाठवलं, वाटेत शेवटचे शब्द कुणीतरी कापले की वाचताना गळले कोण जाणे, पण मला ते परत आलं ते 'ढगपेरणीमुळे दुबई बुडाली' इथपर्यंतच. नाकारायचं विधान आधी मांडून मग 'नाही' जोडलं, की लक्षात राहतं ते विधान. प्रश्नचिन्हाचे मथळेही त्याच जातीचे: 'कृत्रिम पावसानं दुबई बुडाली?' छापणाऱ्याला वाटतं आपण सुरक्षित आहोत, आपण फक्त विचारलं.

तिसऱ्यांदा लिहिलं ते असं: 'ओमानपासून इराणपर्यंत पसरलेल्या मोठ्या वादळामुळे हा पाऊस पडला. तो काही दिवस आधी अंदाजात दिसत होता. मंगळवारी मी याच ग्रुपवर याचं कारण ढगपेरणी असल्याचं लिहिलं होतं, ते चूक होतं. मी तपासलं नव्हतं. ज्यांनी तो संदेश पुढे पाठवला त्यांनी हाही पाठवावा.' आधी जे खरं ते, मग काय चुकलं आणि कुणाचं, मग ते जिथे पोहोचलं तिथे पोहोचवायची विनंती. ग्रुपमधल्या तिघांनी पाठवला. पहिला किती जणांनी पाठवला होता ते मला कधी कळणार नाही.

हे लिहिताना बाळशास्त्री जांभेकरांची आठवण येते. ६ जानेवारी १८३२ ला त्यांनी 'दर्पण' सुरू केलं, एका स्तंभात मराठी आणि शेजारी इंग्रजी. मराठी पत्रकारितेची सुरुवात आपण तिथून मोजतो आणि तो दिवस पत्रकार दिन म्हणून पाळतो. तेच जांभेकर काही काळ कुलाबा वेधशाळेचे संचालकही होते, हे मात्र कमी सांगितलं जातं. वेधशाळेच्या वहीत कुणी 'आज खूप पाऊस' असं लिहीत नाही. वेळ, उपकरण, वाचलेला आकडा, आणि वाचणाऱ्याची सही. चुकलं तर आधीचा आकडा खोडरबरानं पुसायचा नसतो. त्यावर रेघ मारून शेजारी नवा लिहायचा, म्हणजे काय चुकलं होतं तेही दिसत राहतं. आमच्या प्रयोगशाळेच्या वहीतही मी पंधरा वर्षं हेच करते आहे. फोनवर लिहिताना मात्र ते कधी सुचलं नव्हतं. जांभेकरांना वही आणि वर्तमानपत्र यांच्यामध्ये किती अंतर वाटत असेल, याचं मला कुतूहल आहे.

सध्या माझी पद्धत साधी आहे. कुणी काही विचारलं की आधी स्वतःला विचारते, हे मी मोजलंय का, की वाचलंय, की ऐकलंय? ढगांविषयी असेल तर ढगांवर काम करणाऱ्याला विचारते, आणि 'तुमच्याशी असहमत असणारं कुणी आहे का, त्यांचं नाव सांगा' हेही त्यालाच विचारते. चांगली माणसं हसतात आणि नाव देतात. लेख लिहून झाला की त्यातले सगळे 'म्हणून', 'त्यामुळे' आणि 'कारण' अधोरेखित करते. प्रत्येकासाठी वेगळा पुरावा सापडला नाही तर तो शब्द काढून दोन वाक्यं सुटी ठेवते. लेख थोडा खडबडीत होतो. होऊ द्यावा. हा लेखही मी तसाच चाळला. 'म्हणूनच तर शाळा आदल्या दिवशी बंद झाल्या' यातला 'म्हणूनच' राहिला आहे, तो सोमवारच्या सरकारी सूचनेतच वादळी हवेचं कारण दिलेलं होतं त्या आधारावर.

आणि त्या हिरव्या आकाशाचा व्हिडिओ मी टाकला होता, तेव्हा पाच जणांनी 'एडिट केलाय' म्हणून उडवून लावला. तो मात्र खरा होता.

मामांनी त्या उन्हाळ्यात निम्मी बाग काढलीच. थांबलेल्या दिवसांचे टँकर अंगावर पडले. त्याबद्दल ते मला काही बोलले नाहीत, मामी बोलली. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर त्यांचा फोन आला.

"आगं, चांगला झाला. अतिवृष्टी लागली आमच्या मंडळात, पासष्टच्या वर."

मी विचारलं, "कुठं मोजला?"

"मंडळाच्या ठिकाणी, यंत्रावर. आमच्या वस्तीवर तेवढा नाही पडला." मग जरा थांबून म्हणाले, "मी परवा बार्शीतनं एक काचेचं मापक आणलंय. अंगणात लावलंय. रोज सकाळी साडेआठला बघतो, वहीत लिहितो. तुला फोटो पाठवू का?"